सुट्टी संपवून युगांडाला परत जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळच्या दोन दिवस आधी मी सोलापूर स्टेशनवर उतरले. आता होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरलाय, रात्री उशिरापर्यंत पाळण्यांचा आवाज घरात येतो, आणि माझं परतीचं तिकीट २५ जानेवारीचं आहे. या सुट्टीत घरी, मंडळीत म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी बँकेच्या रांगेतही मला तेच तेच प्रश्न विचारले गेले. माया आहे म्हणून लोक विचारतात, याची मला जाणीव आहे. पण उभ्या उभ्या दिलेली उत्तरं अर्धवट राहतात आणि घरी आल्यावर मन खात राहतं. म्हणून इथे सावकाश लिहितेय.

मी कोण हे आधी सांगते. सोलापूर जिल्ह्यात मी अकरा वर्षं गणित शिकवलं. गेली नऊ वर्षं युगांडात आहे. राजधानी कंपालाहून जिंजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुकोनो सोडलं की थोडं आत मंडळीची एक माध्यमिक शाळा लागते, तिथे शिकवते. दर दोन वर्षांनी घरी येते.

“आता बास की. परत जायलाच पाहिजे का?”

हो, जायलाच पाहिजे. या एका उत्तराला मी जरा जास्त जागा घेणार आहे, कारण बाकीची सगळी उत्तरं याच्याच पोटात आहेत.

आमच्या शाळेत दर वर्षी बाहेरदेशांतून दोन-तीन गट येतात. माणसं चांगली असतात. तीन आठवडे राहतात, मुलांना गाणी शिकवतात, एखादी भिंत रंगवतात, निघताना रडतात. सीनियर टूच्या, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या, वर्गाची मागची भिंत मी गेल्यापासून तीनदा रंगवून झाली. पोपडा निघाला की पांढऱ्याखाली पिवळा दिसतो आणि पिवळ्याखाली निळा. मी जायच्या आधी याच वर्गाला सलग दोन सत्रं गणिताला शिक्षक नव्हता.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही परत येणार का?” मी लगेच हो म्हणाले. ती काही बोलली नाही, फक्त मान हलवली आणि वही घेऊन गेली. तिला माझं हो खरं वाटलं नाही हे मला नंतर समजलं. जाताना हो म्हणणारी माणसं या मुलांनी भरपूर पाहिली आहेत, परत आलेली फार थोडी. त्यात गणित हा विषय असा की पहिल्या वर्षी अपूर्णांक कच्चे राहिले तर तिसऱ्या वर्षी बीजगणित हमखास अडतं. कच्चं कुठे राहिलं हे जिने पाहिलंय तीच दोन वर्षांनी पुन्हा फळ्यापुढे उभी असली तर मुलाचा वेळ वाचतो. त्यामुळे माझ्या लेखी परत जाणं हाच कामाचा मोठा भाग आहे.

आणि हे मी आपल्याच घरात शिकले. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझी पणजी मिशनच्या अनाथालयात आली, साधारण सहा वर्षांची असताना. तिला अक्षर ओळख करून देणाऱ्या बाई पुढे रजेवर अमेरिकेला गेल्या. तेव्हा बोटीचा प्रवास, जायला-यायलाच काही महिने जायचे. पणजी दर महिन्याला वसतिगृहाच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ मारायची. बाई परत आल्या तेव्हा तेरा रेघा झाल्या होत्या. आमच्या घरात ही गोष्ट आजीने सांगितली, आईने सांगितली. त्या बाईंनी काय काय शिकवलं ते कुणालाच धड आठवत नाही. तेरा रेघा मात्र सगळ्यांना आठवतात.

“पहिल्यापेक्षा आता सोपं जात असेल ना?”

नाही, आता जास्त जड जातं. पहिल्यांदा निघाले तेव्हा भीती होती ती न पाहिलेल्या गोष्टींची. आता दोन्हीकडचं सगळं माहीत आहे. पाच आठवड्यांतला पहिला आठवडा मी पाहुणी असते, मग घरची होते, आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा पाहुणी होते. म्हणजे घरातले मला कामं सांगायचं बंद करतात. परवा दळण आणायला निघाले तर वहिनी म्हणाली, राहू द्या ताई, तुम्ही बसा. माझं निघणं मला त्या वाक्यात दिसलं.

पुढे जाणाऱ्यांसाठी एक सांगते. सुट्टीचे शेवटचे तीन दिवस कुणालाही देऊ नका, ना मंडळीला ना नातेवाइकांना. घरातच राहा. मी दोनदा शेवटच्या दिवसापर्यंत भेटीगाठी घेत राहिले, आणि विमानात बसल्यावर आईशी शांतपणे एक तासही बोलले नाही हे आठवून जीव कासावीस झाला.

“आईला कोण बघतं?”

भाऊ आणि वहिनी बघतात, मी बघत नाही. मला हे असंच स्पष्ट सांगायचं असतं.

मी पैसे पाठवते, डॉक्टरांच्या वेळा फोनवरून ठरवते, रोज बोलते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आईचं रात्रीचं जेवण होतं तेव्हा माझी शाळा नुकती सुटलेली असते, त्यामुळे बोलणं जमून जातं. पण यातलं काहीही प्रत्यक्ष बघणं नव्हे. रविवारी मंडळीत मला पुढे बोलावतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, महिला मंडळाच्या बाया डोळे पुसतात. रात्री दोन वाजता आईला हाताला धरून उठवणारी वहिनी त्या वेळी मागच्या बाकावर असते. यंदा मी पाळकसाहेबांना विनंती केली की पुढे बोलवायचं तर आम्हा दोघींना बोलवा. त्यांनी बोलावलं. माझी सेवा म्हणून जे काही मोजलं जातं त्यात तिच्या जागरणाचा वाटा आहे, आणि मंडळीने ते डोळ्यांनी पाहावं असं मला वाटत होतं.

भाऊ आणि मी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवली आहे : आईची तब्येत कोणत्या टप्प्याला गेली की मी चालू सत्र सोडून यायचं. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही ते माहीत आहे. आणीबाणीच्या वेळी भावंडांत हा वाद होऊ नये म्हणून शांतपणी ठरवून टाकलं. तुमचे आईवडील थकलेले असतील तर निघण्याआधी हे बोलून घ्या, नंतर कोणाला तोंड उघडवत नाही.

“आपल्याकडे काय मुलं नाहीत शिकवायला?”

आहेत. या प्रश्नाचं सगळ्यांचं समाधान होईल असं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि मी तसा आवही आणत नाही. एवढं सांगू शकते की इथे माझ्या जागेवर शिक्षक मिळायला वेळ लागला नाही, आणि तिथली जागा रिकामी होती.

सोलापूरकरांनी हा प्रश्न विचारला की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. आपल्या गावचा हा मुलगा १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. वय ३२. तेव्हा सोलापुरात डॉक्टरांची रेलचेल होती असं थोडंच आहे? तरी आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण गाव सोडून दुसऱ्याच्या दुखण्याला धावून जाणं या गावाला परकं नाही, एवढंच म्हणायचंय.

“तिथे लोकांचं धर्मांतर करता का?”

नाही. युगांडात बहुसंख्य लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. इंग्लंडहून चर्च मिशनरी सोसायटीची माणसं १८७७ मध्ये आणि फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू १८७९ मध्ये तिथे पोचले. १८८५ ते १८८७ या काळात राजाने अनेक तरुण ख्रिस्ती सेवकांना ठार मारलं, काहींना जिवंत जाळलं. त्यांच्या आठवणीसाठी दर ३ जूनला नामुगोंगोला लाखो लोक जमतात, कित्येक जण शेकडो किलोमीटर चालत येतात. आपल्याकडे आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर जे दिसतं ते पाहिलेल्या माणसाला त्या गर्दीतलं पायी चालणं लगेच कळतं. अशा ठिकाणी मी कोणाला ख्रिस्त सांगायला जाणार? उलट त्यांच्या विश्वासाने मला अनेकदा सावरलंय.

मग मिशन कसलं, असं पुढे विचारतात. मिशन शिकवण्याचं. आमच्या वर्गात मुसलमान मुलंही आहेत. सकाळच्या प्रार्थनेला ती शांत बसतात, रमजानमध्ये मी त्यांच्या चाचण्या दुपारी ठेवत नाही. मुलाला त्रिकोणमिती समजावी म्हणून मी जीव ओतते ते ख्रिस्तावर माझं प्रेम आहे म्हणूनच. पण त्या त्रिकोणमितीच्या बदल्यात त्याच्याकडून काही मागायचं नसतं.

“तुमचा तिथला दिवस कसा असतो?”

पहाटे सहाला मुलं अभ्यासाला बसतात, सातनंतर प्रार्थना, आठला पहिला तास. झाडाला ट्रकच्या चाकाची रिंग टांगली आहे, ती लोखंडी सळईने वाजवली की तास बदलतो. वर्गात सत्तर-ऐंशी मुलं. वेळ मोजायची तिथली रीत वेगळी आहे : लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत, दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक वाजतो. पहिल्याच आठवड्यात मला शिक्षकांच्या सभेची वेळ ‘तीन’ सांगितली, मी दुपारी तीनला गेले. सभा सकाळी नऊला होऊन गेली होती. तेव्हापासून वेळ कळली की दिवसाची का रात्रीची, आणि कोणत्या हिशोबाची, हे विचारूनच घेते.

सगळ्यात अवघड भाग फळ्यावरचा नाही. सरकारने प्राथमिक शिक्षण १९९७ पासून आणि माध्यमिक २००७ पासून योजनेखाली मोफत केलं, पण सगळ्या शाळा त्या योजनेत नाहीत आणि गणवेश, जेवण, वसतिगृह यांचा खर्च राहतोच. सत्राच्या मध्यावर फी थकलेल्या मुलांना घरी पाठवतात. एका सकाळी आत येऊन पाहते तर बाकं अर्धी रिकामी. कोणी चार दिवसांनी येतं, कोणी तीन आठवड्यांनी. आई-बापाने कोंबड्या विकल्या, काकाने पैसे पाठवले, की मूल परत येतं, आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

म्हणून मी एक जाड वही ठेवली आहे. हजेरीपटापेक्षा वेगळी. डावीकडे मुलाचं नाव, उजवीकडे तो नसताना झालेला भाग : ‘ऋण घातांक’, ‘समरूप त्रिकोण, दुसरी कसोटी’. शनिवारी दुपारी परत आलेल्या मुलांना घेऊन बसते आणि वहीतली एकेक ओळ खोडत जाते. सुट्टीला येताना ती वही माझ्या सहकारी शिक्षकाकडे देऊन येते. परत गेल्यावर पहिल्यांदा तीच मागते. कोणाच्या ओळी खोडल्या गेल्या आणि कोणाच्या वाढल्या हे बघितल्याशिवाय मला सत्र सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

“भारतीय म्हणून कसे वागवतात?”

तिथे आपल्याला ‘मुयिंदी’ म्हणतात. मुयिंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुकानदार किंवा कारखानदार येतो. दुकानाला तिथे ‘दुका’च म्हणतात, चपातीला चपातीच. ऑगस्ट १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. घरं, दुकानं, कारखाने जागेवर राहिले. नंतर काही जण परत आले. जुन्या माणसांच्या मनात या सगळ्याबद्दल दोन्ही भावना आहेत : शेजारी गेले याचं दुःख, आणि गल्ल्यामागे बसून नोकराला तुच्छतेने हाका मारणाऱ्या मालकाची आठवण. पहिलं वर्षभर लोक माझ्याकडे बघत होते की ही विकते काय. काही विकत नाही, शिकवते आणि इथेच जेवते, हे पटायला वेळ लागला. तो वेळ त्यांनी घेतला ते योग्यच होतं. आपल्या लोकांच्या वागण्याचं ओझं आपल्याच खांद्यावर येतं, ते नाकारून चालत नाही.

“जेवणाचं काय? भाकरी मिळते?”

मातोके म्हणजे कच्ची केळी, पानात गुंडाळून वाफवून मऊ केलेली. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत घेवड्याचं कालवण. शाळेत रोज पोशो आणि घेवडा. शेंगदाण्याचं दाट कालवणही करतात, ते खाल्लं की सोलापूरच्या माणसाला बरं वाटतं. नाचणीचं पीठ मिळतं, त्यांच्यात त्याची ‘कालो’ करतात, मी भाकरी थापते.

ज्वारीचं पीठ न्यायचं मी बंद केलं. दोन महिन्यांत पिठाची विरी जाते, आधणाचं पाणी घालून मळलं तरी थापताना कडा फाटतात. त्यापेक्षा कडक भाकरी न्यावी. आई वीस-पंचवीस भाकऱ्या वर्तमानपत्रात एकावर एक ठेवते, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये धरून दोऱ्याने चौफेर आवळते, म्हणजे बॅग आपटली तरी चुरा होत नाही. शेंगा चटणी स्टीलच्या डब्यात, झाकणाखाली प्लास्टिक. शिक्षकखोलीत ती चटणी पोशोबरोबर खातात आणि दोन आठवड्यांत डबा रिकामा होतो.

“कागदपत्रं कोणती लागतात? परत जाताना काय बघावं?”

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही, वर्क परमिट लागतं आणि ते शाळेने किंवा मंडळीने तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करून मिळवायचं असतं. पदवीचे कागद आणि पोलीस क्लिअरन्स आधीच तयार ठेवा. रजेची तिकिटं काढण्याआधी परमिट कधी संपतं ते पाहा. एकदा माझं परमिट मी सोलापुरात असतानाच संपणार होतं, ते ध्यानात आलं तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. बारा दिवस आधी परतावं लागलं.

पिवळ्या तापाची लस सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यायची, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. २०१६ पासून एकदा घेतलेल्या लशीचा दाखला आयुष्यभर चालतो. तो पिवळा कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा. युगांडात एंटेबेच्या विमानतळावर उतरताना बघतात, आणि भारतात परत येतानाही बघतात. तो नसेल तर इथे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

नोकरीसाठी परदेशी राहायला लागलात की भारतातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेत एकदा जाऊन उरकून टाका.

प्रवास : रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबई, आणि तिथून आता एंटेबेला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. पूर्वी मी आदिस अबाबावरून जात असे.

“मलेरियाची भीती नाही वाटत?”

वाटते आणि वाटायला हवी. तिथला मलेरिया बहुतेक वेळा फाल्सिपेरम जातीचा असतो, दुर्लक्ष केलं तर तो जीव घेतो. मच्छरदाणी रोज, ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, हे दोन नियम मी मोडत नाही.

धोका इथे आल्यावरही असतो, हे फार जणांना माहीत नसतं. चार वर्षांपूर्वीच्या सुट्टीत मला सोलापुरात ताप भरला. दवाखान्यात व्हायरल समजून तीन दिवस औषध दिलं. मी आफ्रिकेतून आलेय हे मी स्वतःहून सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी भाऊ चिडून बोलला तेव्हा तपासणी झाली आणि मलेरिया निघाला. तिकडून आल्यावर पुढचे काही महिने कुठलाही ताप आला तरी डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या पहिलं वाक्य तेच सांगायचं : मी युगांडातून आलेय.

“पगार मिळतो का? आम्ही पैसे कसे द्यावेत?”

शाळा राहायला दोन खोल्या आणि तिथल्या शिक्षकांइतकं मानधन देते. विमानाचं तिकीट आणि आरोग्यविमा सोलापूरची काही कुटुंबं मिळून भरतात. त्या घरांत एक निवृत्त गिरणी कामगार आहेत, ते दर महिन्याला न चुकता शंभर रुपये बाजूला ठेवतात आणि मी आले की पाकीट हातात देतात.

मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्यातून मला परदेशात पैसे पाठवू नका. धर्मादाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला तर त्याच्या आयकर सवलतीला बाधा येते, आधी मंजुरी घ्यावी लागते. व्यक्ती म्हणून तुम्ही बँकेतून रीतसर पाठवू शकता, रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्यासाठी सोय आहे. बँकेला कारण खरं सांगा.

“मुलांसाठी जुने कपडे देऊ?”

नको. परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे, ‘मिवुंबा’चे, ढीगच्या ढीग तिथल्या बाजारात पडलेले असतात. तुमच्या मायेने घडी घातलेला शर्ट तिथे त्या ढिगात एक होऊन जातो. एखाद्या मुलाची सत्राची फी भरलीत तर माझ्या वहीतल्या ओळी कमी होतील. नाहीतर शब्बाथशाळेच्या, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेच्या, मुलांनी पत्रं लिहावीत, त्यात एक कोडं घालावं. मागच्या खेपेला पाचवीतल्या एका मुलाने जादूचा चौरस पाठवला, आमची सीनियर वनची मुलं दोन दिवस त्याच्यावर वाद घालत होती.

चादरीचं मात्र नाही म्हणत नाही. तो भाग उंचावर आहे, पावसाळ्यात रात्री गारठा असतो. शाळेच्या आजारी खोलीत दोन सोलापुरी चादरी आहेत आणि मुलं त्या मागून घेतात.

“मंडळीपुढे तिथल्या कामाची साक्ष देताना मुलांचे फोटो का दाखवत नाही?”

त्यांना विचारलेलं नसतं म्हणून. फाटक्या गणवेशातलं मूल पडद्यावर दिसलं की मंडळीत हुंदका येतो आणि दानाच्या थैलीत नोटा पडतात, हे मी पाहिलंय. तेच मूल उद्या इंजिनिअर होईल आणि त्याचा तो फोटो आपल्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. माझ्या पणजीचा दुष्काळातला फोटो कोणी काढून अमेरिकेत दाखवला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मी फळ्याचे फोटो दाखवते.

“एकटी बाई, भीती नाही वाटत?”

शाळेच्या आवारात राहते, शेजारी मेट्रनचं घर आहे. रात्री बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसत नाही. बाकी, पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलं, मग अमेरिका करून १८८९ मध्ये मुंबईला परत येऊन त्यांनी शारदा सदन उघडलं. त्यांच्यापुढे माझा प्रवास सहा तासांचा आहे.

“मलाही जायचंय. सुरुवात कुठून करू?”

आधी इथे निदान तीन वर्षं शिकवा. बी.एड. हवंच. आपल्याकडच्या साठ मुलांच्या वर्गात जो टिकला तो तिथे टिकतो. देवाचं पाचारण झालंय असं वाटत असेल तर पाळकसाहेबांशी बोला, आणि तुमच्यावर मनापासून रागावू शकेल अशा एका माणसाशीही बोला. ज्या शाळेत जाणार तिने तुम्हाला खरंच बोलावलंय का, तिला कोणत्या विषयाचा शिक्षक हवाय, हे त्यांच्याच तोंडून ऐका. तीन महिन्यांसाठी जाणार असाल तर वर्ग घेऊ नका, तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली राहा. आणि दोन वर्षांसाठी जाणार असाल तर मुलांना परत येण्याचं वचन लगेच देऊ नका. पहिली सुट्टी घरी काढा, आईच्या हातचं खा, मित्रांना भेटा, मग ठरवा. मी पहिल्याच वर्षी वचन देऊन बसले. ते पाळलं गेलं, पण देण्याची घाई केली होती हे मला कळतं.

“परत पोचल्यावर पहिला दिवस कसा असतो?”

मागच्या खेपेचं सांगते. सत्र सुरू व्हायला तीन दिवस होते. फाटकावरच्या रखवालदाराने माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, “कुलिकायो, मॅडम.” प्रवासाहून परतलेल्या माणसाला लुगांडात असं म्हणतात. जाऊन सुखरूप आलात, त्याबद्दलची ती दाद असते. आपल्याकडे यासाठी वेगळा शब्द नाही. आपण ‘आलात का’ म्हणतो आणि पाणी देतो.

वसतिगृहाच्या पायरीवर एक मुलगी तांदूळ निवडत बसली होती. मी निघाले तेव्हा ती फी थकून घरी गेली होती, तिच्या नावापुढे अकरा ओळी होत्या. मला बघून ती उठली, तिथल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून तिने नमस्कार केला, आणि आत पळाली. बाहेर आली ती वही घेऊन. सहकारी शिक्षकाने आठ ओळी खोडल्या होत्या. उरलेल्या तीन तिने मला बोटाने दाखवल्या. बॅग दारात तशीच ठेवून आम्ही पायरीवर बसलो आणि पहिली ओळ घेतली.

“आता पुन्हा कधी येणार?”

एक नाताळ सोडून पुढच्या नाताळला. तिसरं सत्र डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, त्यानंतर. शब्बाथशाळेची पत्रं २० जानेवारीपर्यंत वहिनीकडे द्या. पाकिटं चिकटवू नका, कोडी मला विमानात सोडवून बघायची असतात.